नाखव्याच्या वायरलेसची वायर

वायरी तुटेपर्यंत ताणायच्या, हे माझं काम आहे. कुणी विचारलं आणि मी असं सांगितलं की लोक हसतात, आणि त्याचा पगार मिळतो का म्हणून विचारतात. मिळतो.

रोह्याच्या बाजूला एका लहान कंपनीत मी टेस्टिंगला आहे. आमच्याकडे स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या वायरी बनतात. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी. ओढली की लांब होते, सोडली की परत गोळा होऊन बसते. घरातले टेलिफोन गेले, पण ही वायर गेली नाही. क्रेनच्या बटणांच्या पेटीला, दवाखान्यातल्या पलंगाच्या रिमोटला, गाडीतल्या वायरलेसच्या माईकला ती अजून लागते. माणसाला हातात एखादी वस्तू धरून इकडेतिकडे फिरायचं असेल आणि मागची वायर पायात यायला नको असेल, तिथे हीच वायर.

माझ्या खोलीत एक लांबलचक यंत्र आहे. त्यात वायरीचं एक टोक घट्ट धरलेलं असतं आणि दुसरं टोक यंत्र सतत पुढे ओढतं, मागे सोडतं. सगळा वेळ वायरीतून करंट चालू असतो आणि तिच्या शेवटी एक दिवा लावलेला असतो. आतली तांब्याची तार कुठे तुटली, तर दिवा लुकलुकतो. मधूनमधून यंत्र थांबवून मी वायर मोजतो. सोडल्यावर ती पूर्वीइतकी आखडत नसेल, थोडी लोंबायला लागली असेल, तर तिच्यातला जीव चालला असं समजायचं. शिवाय काही वायरी गरम भट्टीत ठेवतो, काही खाऱ्या पाण्याच्या वाफाऱ्याच्या पेटीत. दिवसभर यंत्राचा आवाज आणि गरम प्लास्टिकचा वास. बायको म्हणते, तुमच्या शर्टाला नव्या चपलेचा वास येतो.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. शेजारच्या घरात दूध नासलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. पालीजवळच्या आमच्या गावी लहानपणी बांध फुटला की सगळे फावडी घेऊन धावायचे, आणि मी, काल त्या बांधावरून आपण उड्या मारत गेलो होतो का, हे आठवत उभा राहायचो. वय वाढलं तरी हे गेलं नाही. या कामाला तो स्वभाव बरा पडतो, असं आमचे मॅनेजर म्हणतात. मला तसं नेहमी वाटत नाही.

बायको रेवदंड्याच्या शाळेत शिकवते, म्हणून आम्ही रेवदंड्याला राहतो. मी मोटारसायकलने साळावच्या पुलावरून रोह्याकडे जातो आणि संध्याकाळी परत येतो. आमची खोली एका नाखव्याच्या घराच्या माडीवर आहे. त्याची स्वतःची होडी आहे आणि तिच्यावर तांडेलही, म्हणजे होडी चालवणाराही, तोच. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. मला तो ‘मास्तर’ म्हणतो. शाळेत शिकवते बायको आणि मास्तर मात्र मी, कारण मी वायरींची परीक्षा घेतो.

गेल्या पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवली होती आणि नारळी पुनवेच्या आधी रंगकाम चाललं होतं. नाखवा केबिनमधून वायरलेसचा माईक घेऊन माझ्याकडे आला. माईकची वायर खाऱ्या हवेने आणि उन्हाने कडक झाली होती, जागोजागी तडकली होती आणि तडकलेल्या जागी काळी टेप गुंडाळली होती.

“मास्तर, रोज वायरी तोडतोस, एखादी जोडशील का नाय?” तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं त्याच्या घरात राहत होतो, त्याच्याकडून मासळी खात होतो, आणि माझ्या हातचं काही त्याच्या उपयोगाला येईल असं प्रथमच घडत होतं. आमच्याकडे तेव्हा नव्या वायरीचा एक लॉट आला होता, समुद्रावरच्या वापरासाठी खास मऊ आवरणाचा. त्याची छोटी टेस्ट पास झाली होती. मोठी टेस्ट, जी कित्येक आठवडे चालते, ती नुकती सुरू केली होती. मोठी टेस्ट संपेपर्यंत माल बाहेर पाठवायचा नाही, ही आमची पद्धत. पण सीझन सुरू व्हायला आला होता आणि नाखव्याला घाई होती. मी मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, “न्या एक, होडीवर कशी टिकते तेही कळेल.” मी एक वायर आणली, स्वतः माईकला झाळली आणि ओढून दाखवली. सोडली तशी ती टचकन गोळा झाली.

“नाखवा,” मी म्हणालो, “ही वायर आता तुमच्या होडीपेक्षा जास्त टिकेल.”

“होरीपेक्षा जास्त टिकून काय करंल? होरीएवढी टिकली तरी बास.”

आम्ही दोघेही हसलो. पण तेवढं मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. वायर देणं ही एक गोष्ट, तिची हमी देणं ही वेगळी. हमी देण्याइतकं मला तेव्हा माहीत नव्हतं.

गणपती होऊन गेले आणि एके दिवशी सकाळी मी टेस्टिंगच्या खोलीत शिरलो, तर एक दिवा लुकलुकत होता. त्याच लॉटची वायर. बाहेरून बघावं तर एक ओरखडा नाही, रंगही तसाच. वायर आखडलेली असली की दिवा लागायचा आणि ताणली की विझायचा. आत एका तारेचे दोन तुकडे झाले होते. वायर सैल असताना ते एकमेकांना टेकायचे आणि ताणली की दूर व्हायचे. दुपारपर्यंत दुसरी वायरही तशीच निघाली.

मॅनेजरनी लॉट थांबवला. “बरं झालं, बाहेर एकही गेली नाही,” ते म्हणाले.

“एक गेली आहे,” मी म्हणालो.

त्यांना आठवलं. “मग ती परत आणा आणि दुसरी द्या. त्यात काय?”

त्यांच्या दृष्टीने त्यात खरंच काही नव्हतं. पण होडी आदल्याच दिवशी बर्फ आणि डिझेल भरून निघून गेली होती, पाच-सहा दिवसांसाठी. संध्याकाळी साळावच्या पुलावर मी मोटारसायकल उभी केली आणि खाडीच्या मुखाकडे बघत राहिलो. दिसणार काय होतं तिथे?

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. ती म्हणाली, “आले की बदलून द्या. तोवर कुणाला सांगून उपयोग काय?”

तिचं बरोबर होतं. मी ऐकलंही, एक दिवस.

शनिवारी आम्हांला अर्धा दिवस असतो. दुपारी घरी येताना नाक्यावर कळलं की वारा सुटणार आहे आणि सगळ्या होड्यांना परत बोलावलं आहे. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक वायरलेस आहे, तिथून निरोप देतात. सगळ्या होड्यांनी ‘निघालो’ म्हणून उलट कळवलं होतं. फक्त आमच्या नाखव्याकडून काही उत्तर नव्हतं.

मी मागच्या अंगणात गेलो. वहिनी, म्हणजे नाखव्याची बायको, बांबूवर वाळत घातलेले बोंबील काढत होती. वारा यायच्या आत ते काढायला हवे होते.

“वहिनी, नाखवांचं उत्तर आलं नाही म्हणतात.”

“नाय आला,” ती म्हणाली, आणि हात चालूच. “मावरा लागला असंल.”

मावरा म्हणजे मासळी; पण तिचा उत्तराशी काय संबंध, ते मला कळलं नाही. तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वायरलेसवर एकाने बोललेलं सगळ्या होड्यांना ऐकू जातं. कुणी ‘मी अमक्या ठिकाणी आहे’ म्हटलं आणि त्याच्या आवाजात जरा आनंद असला, की संध्याकाळपर्यंत तिथे दहा होड्या येतात. म्हणून जाळ्याला चांगली मासळी लागली की हुशार तांडेल बोलायचंच बंद करतो. कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

“रिकामा असला का दिवसभर बडबड करंल, ह्याला शिव्या घाल, त्याची मस्करी कर. गप बसला का समजायचा, पापलेट हाय.” ती हसली. “माजा सासरा पन तसाच. आमी गप होरीची वाट बघताव, बडबडी होरीची नाय.”

ती हसत होती तोवर मी थांबायला हवं होतं. तिची खात्री होती आणि ती बहुधा बरोबरच होती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा होता, ताणलं की विझणारा. नाखवा सुकाणूजवळ उभा राहून माईक ओढून बोलतो, हे मी पाहिलं होतं. त्याला होड्यांचं ऐकू येत असेल, निरोपही मिळाला असेल, पण त्याला काही सांगायचं असेल तर? मी तिला सगळं सांगून टाकलं. लॉट, टेस्ट, आत तुटलेली तार, आणि मी केलेली घाई.

तिचे हात थांबले. बोंबील धरलेला हात तसाच बांबूवर राहिला.

“मंजे त्यो बोलत असंल, पन आपल्याला ऐकू येत नसंल?”

“तसं असेलच असं नाही, वहिनी. त्यांची वायर चांगलीही असेल.”

“पन असंल.”

“असू शकेल.”

ती पदर खोचून सरळ सोसायटीकडे चालायला लागली. बोंबील तसेच राहिले. मी मागे मागे. वाटेत मला स्पष्ट कळत गेलं की मी काय केलं आहे. इतक्या वर्षांत नवऱ्याची शांतता ही तिच्यासाठी चांगली बातमी होती. मी दोन मिनिटांत त्या शांततेत भीती भरली होती. उद्या नवी वायर दिली तरी ही भीती मी परत कशी काढून घेणार होतो?

सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसवर एक गृहस्थ बसलेले होते. त्यांनी वहिनीला बघून मान हलवली. “काय गो, तू पन आलीस? लपलाय तुजा नवरा, पापलेटावर बसलाय.” वहिनीने माझ्याकडे बोट केलं. “ह्यांना बोलू द्या.”

मी आयुष्यात प्रथमच वायरलेसचा माईक हातात घेतला. त्यालाही गुंडाळलेली वायर होती. सवयीने मी ती जरा ओढून बघितली. मग बटण दाबलं आणि बोललो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण नंतर अनेकांनी मला ते बोलून दाखवलं आहे, त्यामुळे आता पाठ आहे.

“नाखवा, मी मास्तर बोलतोय. तुमच्या माईकच्या वायरीत खोट असू शकते. चूक माझी आहे. वायर ताणू नका. सेटच्या अगदी जवळ वाका, वायर सैल ठेवा आणि मग बोला. चूक पूर्णपणे माझी आहे.”

मी बटण सोडलं. दुसऱ्याच कुठल्यातरी होडीवरून आवाज आला, “मास्तर, आमीपन वाकू काय?” पाठोपाठ आणखी एक, “वाकलो, आता पुढं काय करू?” समुद्रभर हशा पिकलेला असणार. ते निरोप देणारे गृहस्थ तोंड फिरवून हसत होते. माझे कान तापले. पण त्या सगळ्या आवाजांत नाखव्याचा आवाज नव्हता.

वहिनीने माझ्या हातातून माईक घेतला. बटण कुठलं ते तिला मी दाखवलं.

“ऐकताव ना?” ती म्हणाली. एवढंच. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. होड्यांवरची मस्करी एकदम थांबली.

सेटमधून एक ‘खस्स’ आलं. कुणीतरी बटण दाबल्यासारखं. शब्द नाही. मग बंद.

“त्योच,” वहिनी म्हणाली.

“कशावरून? एवढ्या होड्या आहेत,” ते गृहस्थ म्हणाले.

“मना म्हाईत हाय ना.”

मला विश्वास ठेवता येईना. ते तोच असेल तर वायर ठीक होती, निदान त्या क्षणी. पण कुठल्याही होडीवरचं कुणीही बटण दाबलं असू शकतं. बटण दाबल्याचा आवाज सगळीकडून सारखाच येतो. असं मी मनातल्या मनात म्हणत होतो, पण सुदैवाने तेवढं तरी बोललो नाही.

घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. “तुमचं मन हलकं झालं ना?” ती म्हणाली. “ओझं उतरवलंत, पण नेमकं तिच्या डोक्यावर.” मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी, कारण ती उठून चहा करायला गेली. मी मागच्या अंगणात जाऊन राहिलेले बोंबील काढले. वाईट काढले. निम्मे मोडले.

संध्याकाळी, ऊन अजून पिवळं असताना, भरतीबरोबर होड्या खाडीत यायला लागल्या. आम्ही धक्क्यावर होतो. प्रत्येक होडीवरून मला कुणी ना कुणी वाकून दाखवत होतं. मी कुणाकडे बघत नव्हतो. वहिनी एका जागी उभी होती. वारा आला होता, पण फार नाही. पाण्यावर नुसती शहारे आल्यासारखी लाट होती.

मग तिने माझ्या हाताला धरून हलवलं. “आली,” ती म्हणाली. मला तर सगळ्या होड्या सारख्याच दिसत होत्या. थोड्या वेळाने मलाही ओळखता आली, आपल्या दारात रंगवलेली. होडी जड चालत होती, पाण्यात खाली बसलेली. केबिनच्या दारात नाखवा उभा होता.

मला काय वाटलं ते मी चांगल्या शब्दांत लिहू शकणार नाही. मी धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसलो. कुणीतरी विचारलं, “मास्तर, चक्कर आली काय?” मी नाही म्हणालो. मला चक्कर आली नव्हती. बसायचं होतं, एवढंच.

होडी टेकायच्या आत वहिनीने सुरुवात केली. “बोललात कनाला नाय? तोंडात बर्फ ठेवला होता काय?”

“मावरा होता ना! पापलेट, हे एवढं एवढं!”

“जळला तुमचा पापलेट!”

“अगं, बोललो असतो तर सगळी येऊन बसली असती माज्या जाल्यावर. आनि ह्या मास्तरचं भाषण सुरू. माजे खलाशी हसून हसून जालं सोडाय लागले. मी बोलनार नव्हतोच.” त्याचा आवाज खाली आला. “मंग तुजा आवाज ऐकला. बटन दाबला पन काय बोलू सुचंना. सोडला. जालं वर घेतलं, तसंच आलो.”

“अर्धं मावरं सोडून?”

“थोडं सोडून.”

वहिनीने तोंड फिरवलं. ती हसते आहे की रडते आहे हे मला दिसलं नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

मी होडीत उतरलो आणि केबिनमध्ये गेलो. मीटर खिशात होता, तो मी दुपारपासून घेऊन फिरत होतो. वायर सैल असताना तपासली, ताणून तपासली, पिळून तपासली. सगळ्या तारा शाबूत. एकदाही काटा हलला नाही. नाखवा दारात उभा राहून बघत होता.

“पास?” त्याने विचारलं.

“आज पास,” मी म्हणालो. या वेळी मी शब्द जपून वापरले. “पण मी ही काढून नेतो. उद्या दुसरी लावतो, जुन्या खात्रीच्या लॉटची.”

“ने. पन मास्तर, माजं थोडं मावरं तुज्यामुळं दर्यात ऱ्हायलं, काय?”

“हो, नाखवा.”

“मंग उद्या जेवायला ये. जे आनलंय त्ये तरी खा.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पापलेट तळलेलं होतं आणि घरभर माणसं. तिथे जेवताना वहिनीने आपलं म्हणणं मांडलं. मासळी लागली तर बोलायचं नाही, मान्य. जागा सांगायची नाही, मान्य. पण सोसायटीतून हाक आली की दोनदा बटण दाबायचं. शब्द नाही, नाव नाही, काही नाही. दोनदा खस्स, म्हणजे मी आहे.

“आनि बाकीच्यांना कललं तर?” नाखवा म्हणाला.

“काय कलंल? जितां हाय एवढंच ना? कलू दे.”

तो मान्य झाला. आता या बाजूच्या बऱ्याच होड्या तसं करतात. दोनदा खस्स म्हणजे मासळी लागली, हे अर्थातच सगळ्यांना कळायला लागलं आहे. पण कुठे लागली, हे अजून कुणाला कळत नाही. मला वाटलं होतं की वहिनीच्या मनात मी भरलेली भीती तिथेच राहील. ती राहिली नाही. परवा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “गप बसला का आधी वाट बघायची, आता खस्स ऐकून बोंबील वालत घालताव.” एवढ्यावर तिने विषय संपवला.

काढून आणलेली वायर मी माझ्या यंत्रावर लावली. तसं करायची कुणी आज्ञा केली नव्हती. लॉट रद्द झाला होता, कारणही सापडलं होतं. मऊ आवरणासाठी आतली तार बारीक घेतली होती, ती ताण सोसत नव्हती. तरी मला बघायचं होतं. ती बरेच दिवस चालली. रोज सकाळी मी आधी तिचा दिवा बघायचो आणि मग डबा ठेवायचो. मनातून मला काय हवं होतं, ते मला ठरवता येत नव्हतं. ती टिकली असती तर मी उगाच सगळ्यांना घाबरवलं असं झालं असतं. तुटली असती तर मी खरंच एक तुटणारी वायर माणसाच्या हातात दिली होती असं झालं असतं.

ती तुटली. एका दुपारी, मी समोर बसलेलो असताना, दिवा लुकलुकला आणि मग ताणलं की विझायला लागला. मी यंत्र बंद केलं आणि खुर्चीत मागे टेकलो. खोलीत एकदम शांत झालं. वाईट वाटेल असं मला वाटत होतं. पण ती माझ्या समोर तुटली होती, टेबलावर, पंख्याखाली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला फक्त एक दिवा होता. मला इतकं बरं वाटलं की मी कंपनीतूनच नाखव्याला फोन लावला. तो किनाऱ्यावर जाळं शिवत होता.

“तुटली,” मी म्हणालो.

“तुटली?” तो म्हणाला. “मंजे तुटनारच होती.”

“हो. कधी ते सांगता आलं नसतं, पण तुटणार होती.”

“मंग सांगितलास त्ये बरा केलास,” तो म्हणाला. “फकस्त पुढच्या टायमाला मला एकट्याला सांग. आख्ख्या दर्याला वाकवू नको.”